आधी बियाणं, मग बाजार

सोयाबीनचे शंभर दाणे मोजून घ्या. गोणपाट ओलं करा, त्यावर दहा-दहाच्या ओळीत दाणे मांडा, अलगद गुंडाळी करा आणि सावलीत ठेवून द्या. रोज थोडं पाणी शिंपडा. पाच-सहा दिवसांनी गुंडाळी उघडली की पांढरे कोंब वाकून बघत असतात! आता मोजा. सत्तर किंवा त्याहून जास्त दाणे उगवले, तर बियाणं पेरायला चांगलं.

नांदेड-लातूरच्या खेड्यांतल्या मुलांना यात नवल वाटणार नाही. पेरणीआधी कितीतरी घरांच्या ओसरीवर ही परीक्षा चालते. पण त्या बियाण्याची गोष्ट सुरू होते सुगीत, म्हणजे सात-आठ महिने आधी. सगळं सोयाबीन आडतीवर जात नाही. एकरी साधारण तीस किलो या हिशेबानं बियाण्याची पोती आधीच बाजूला काढतात. सोयाबीनचं साल फार नाजूक, म्हणून ही पोती आपटायचीसुद्धा नाहीत. घरात कितीही ओढाताण असो, त्यांना कुणी हात लावत नाही.

मला वाटतं, पैसे कसे सांभाळावेत हे या पोत्यांइतकं चांगलं कुणीच शिकवत नाही.

उरलेला माल लातूरच्या किंवा नांदेडच्या बाजारात जातो. तिथून बाबा एक कागद आणतात, आडत्याची पट्टी. एकदा त्यांच्या शेजारी बसून ती वाचा. वजन किती, भाव काय, एकूण किती झाले; मग हमाली वजा, तोलाई वजा; आणि शेवटी हातात आलेली रक्कम. पुष्कळ घरांत या एका रकमेवर पुढची सुगी येईपर्यंत भागवायचं असतं. किराणा, शाळा, दवाखाना, दिवाळी, खत, एखादं लग्न. महिन्याच्या पगारावर चालणाऱ्या घरातही कोडं हेच, फक्त ते दर महिन्याला पडतं.

आपण बहुतेक जण म्हणतो, ‘खर्च होऊ दे, उरेल ते ठेवू.’ आणि उरत काहीच नाही! बियाण्याचं असं केलं असतं तर जूनमध्ये पेरायला काय उरलं असतं? म्हणून खाऊला वीस रुपये मिळाले, तर त्यातले पाच खर्चाच्या आधी बाजूला काढायचे.

आणि बाजूला काढलेले पैसे उगवतातही. समजा, बँकेत 100 रुपये ठेवले आणि वर्षाला 6 टक्के व्याज मिळालं. वर्षानं झाले 106. दुसऱ्या वर्षी किती? 112? नाही, 112 रुपये 36 पैसे! हे 36 पैसे कुठून आले? पहिल्या वर्षीच्या 6 रुपये व्याजालाही व्याज लागलं. दाण्याचं रोप झालं आणि त्या रोपाचे दाणेही पेरले गेले. यालाच चक्रवाढ म्हणतात. बारा वर्षांत त्या शंभराचे 201 रुपये होतात. साधं व्याज असतं, तर 172 वरच थांबलं असतं.

रक्कम दुप्पट व्हायला किती वर्षं लागतील, हे तोंडी काढायची एक युक्ती आहे. 72 ला व्याजाच्या दरानं भागा. 72 भागिले 6, बारा वर्षं. लुका पाचोली नावाच्या इटालियन गणितज्ञाच्या 1494 साली व्हेनिसमध्ये छापलेल्या पुस्तकातही ही युक्ती सापडते.

आता नीट कान द्या. आपल्याकडे उसनवारीत ‘शेकडा तीन’ असे शब्द ऐकू येतात. शंभराला तीन, ऐकायला किती थोडे! पण बँकेचा दर वर्षाचा असतो आणि हे तीन महिन्याचे. म्हणजे वर्षाला छत्तीस! हजार रुपये घेतले, मध्ये काहीच फेडलं नाही आणि व्याजावर व्याज चढत गेलं, तर? 72 भागिले 3, चोवीस. चोवीस महिन्यांत हजाराचे दोन हजार. ठेव बारा वर्षांत दुप्पट, कर्ज दोन वर्षांत. गणित तेच, पण इथं पीक दुसऱ्याच्या घरात जातं. म्हणून तर महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी कायद्यानं सावकाराला व्याजावर व्याज लावायची मनाई केली आहे, आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करायचीही. परवान्याशिवाय सावकारी करणं हा तर गुन्हाच आहे. हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवं.

आई किंवा आजी बचत गटात असेल, तर एखाद्या बैठकीला तिच्यासोबत जा. बायका दर महिन्याला ठरलेली रक्कम जमा करतात, वहीत नोंद होते आणि ज्या घराला नड असेल त्याला त्याच पैशातून कर्ज मिळतं. त्यावरही व्याज असतं. पण ते जातं कुठं? गटाच्याच पेटीत! कर्ज घेणारीचाही त्यात वाटा असतो. मला हे फार आवडतं.

तुम्हीही सुरुवात करू शकता. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलांना स्वतःच्या नावावर बचत खातं उघडून ते स्वतः चालवायला बँका परवानगी देऊ शकतात. जवळच्या शाखेत आईबाबांसोबत जाऊन विचारा. तोवर एक वही पुरे. डाव्या पानावर आलेले पैसे, उजव्या पानावर गेलेले. दोन रुपयांची गोळीसुद्धा लिहायची.

आणि घरात कर्जाची गोष्ट निघाली, तर गप्प बसू नका. न घाबरता, आदरानं एवढं जरूर विचारा, ‘बाबा, हे व्याज महिन्याचं की वर्षाचं?’