मॅग्नेटोस्ट्रॅटिग्राफी

मॅग्नेटोस्ट्रॅटिग्राफी ही भूविज्ञानातील संज्ञा असून मराठीत तिला 'चुंबकीय स्तरविज्ञान' असे म्हणता येते. खडक तयार होताना त्यांत टिकून राहिलेल्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेवरून थरांचा कालक्रम ठरविणे, हा या शाखेचा विषय होय. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या बेसाल्ट थरांच्या अभ्यासातही ही पद्धत वापरली गेली आहे.

शब्दघटक
'मॅग्नेट' (चुंबक) व 'ग्राफी' (लेखन, वर्णन) हे घटक मूळचे ग्रीक, तर 'स्ट्रॅटम' (थर) हा लॅटिन आहे; त्यामुळे हा शब्द संकरित ठरतो. त्यांना जोडणाऱ्या 'ओ' व 'इ' या स्वरांना स्वतंत्र अर्थ नाही.

उच्चार
इंग्रजी उच्चारात सात अक्षरे पडतात : मॅग्-नी-टो-स्ट्र-टिग्-र-फी. मुख्य आघात शेवटून तिसऱ्या, म्हणजे 'टिग्' या अक्षरावर येतो. 'फोटॉग्रफी' या शब्दातही तो शेवटून तिसऱ्या अक्षरावरच असतो. 'टिग्' हा मात्र अर्थघटक नव्हे. त्यातील 'ग्' हा 'ग्राफी'चा आहे. म्हणून उच्चाराची फोड आणि अर्थाची फोड वेगवेगळी करावी लागते. मराठीत आघाताने शब्दार्थ बदलत नाही आणि देवनागरी लेखनात तो दाखविला जात नाही. त्यामुळे 'ग्रा' दीर्घ लिहिला जात असला, तरी इंग्रजीत तो आघातहीन व ऱ्हस्व असतो.