उतारावर पॅडल मारावे की सायकल सोडून द्यावी?

नवी दिल्ली : चढ संपून उतार लागला की सायकलस्वारापुढे नेहमीचा प्रश्न उभा राहतो. पॅडल मारत राहावे, की सायकल तशीच सोडून द्यावी? याचे उत्तर वेगावर अवलंबून आहे. वेग कमी असेपर्यंत पॅडल मारण्याचा लाभ होतो. वेग वाढला की तेच श्रम हवेशी झुंजण्यात खर्ची पडतात.

उतारावर गुरुत्वाकर्षण सायकलीला खाली खेचते, तर टायरचे घर्षण आणि हवेचा रोध तिला अडवतात. घर्षण वेगानुसार फारसे बदलत नाही. वेग दुप्पट झाल्यास हवेचा रोध मात्र चौपट होतो आणि त्यावर मात करण्यासाठी आठपट शक्ती लागते.

सायकलीसह ८५ किलो वजनाच्या स्वाराचे ढोबळ गणित पाहू. दर १०० मीटरला ५ मीटर उतरणाऱ्या सरळ रस्त्यावर पॅडल न मारताही तो ताशी सुमारे ४५ किलोमीटर वेग गाठतो. तेथे त्याने १५० वॅट शक्ती लावली, तर वेग सुमारे ५१ किलोमीटर होतो आणि दर किलोमीटरला जेमतेम ९ ते १० सेकंद वाचतात. याउलट, तेवढ्याच तीव्रतेचा चढ चढताना १५० ऐवजी १८० वॅट लावल्यास दर किलोमीटरला सुमारे ५० सेकंदांची बचत होते. म्हणून उतारावर दम राखून तो चढावर वापरणे अधिक फायद्याचे ठरते.

वेगवान उतारावर पायांपेक्षा शरीराची ठेवण महत्त्वाची असते. अंग आक्रसून वाकलेला स्वार पॅडल न मारताही ताठ बसून पॅडल मारणाऱ्याला मागे टाकू शकतो. २०१६ च्या टूर द फ्रान्समधील आठव्या टप्प्यात ब्रिटनच्या ख्रिस फ्रूमने दोन्ही गोष्टी साधल्या. पिरेनीज पर्वतातील पेरसूर्द घाट उतरताना तो सायकलीच्या आडव्या दांड्यावर बसून, हँडलवर ओणवा होऊन पॅडल मारत राहिला आणि १३ सेकंदांनी टप्पा जिंकला. मात्र, अशा बैठकीत सायकलीवरील ताबा सुटण्याचा धोका असतो. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने १ एप्रिल २०२१ पासून शर्यतींत दांड्यावर बसण्यास मनाई केली.

सह्याद्री किंवा हिमालयातील वळणावळणाच्या घाटांत तर हिशेब आणखी बदलतो. पुढच्या वळणापूर्वी ब्रेक लावावाच लागणार असेल, तर पॅडल मारून मिळवलेला वेग ब्रेकच्या उष्णतेत वाया जातो. शिवाय वेग दुप्पट झाल्यास ब्रेक लावल्यानंतर थांबण्याचे अंतर सुमारे चौपट होते. वळणावर पॅडल थांबवून बाहेरच्या बाजूचे पॅडल खाली ठेवावे. आतले खाली राहिल्यास सायकल कलताच ते रस्त्याला घासू शकते. लांब, थंड उतारावर अधूनमधून हलके पॅडल मारावे, ते वेगासाठी नव्हे, तर पुढच्या चढापर्यंत पाय आखडू नयेत म्हणून.