मूल बोलेनासे होते तेव्हा

फेफरे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रस्त्यात कोसळलेला, हातपाय झाडणारा मनुष्य उभा राहतो. आणि त्याच्या नाकाशी कांदा वा चप्पल धरण्यास धावणारे बघेही. दरवर्षी १७ नोव्हेंबरला पाळला जाणारा राष्ट्रीय अपस्मार दिन या अडाणी उपचारांचा समाचार घेण्यातच सरतो. त्यात गैर काही नाही. परंतु या व्याधीचे एक रूप असे आहे की, त्यात कोणी कोसळत नाही. वाणी तेवढी जाते.

मेंदूतील पेशींत विजेचा बेबंद लोट उसळणे म्हणजे अपस्माराचा झटका. बहुतेकांच्या मेंदूत भाषेचा कारभार डाव्या अर्धगोलात चालतो, हे फ्रान्सच्या ब्रोका यांनी १८६५ मध्ये मांडले. लोट तेथे उसळला की मनुष्य जागा असूनही त्याला शब्द सापडत नाही, किंवा समोरच्याचे बोलणे नुसता आवाज म्हणून कानी पडते. झटका ओसरल्यावरही काही काळ जीभ अडखळते. अशा माणसास दारुडा ठरविणे किती सोपे!

मुलांची गत याहून करुण आहे. अमेरिकेतील लांडाऊ व क्लेफ्नर यांनी १९५७ मध्ये एका बालव्याधीचे वर्णन केले. तीन ते आठ वर्षांचे, चांगले बोलणारे मूल हाकेला ओ देईनासे होते आणि मग स्वतःही गप्प होते. कान तपासावेत तर ते शाबूत. दोष असतो मेंदूच्या विद्युत्-आलेखात, आणि तो झोपेत अधिक स्पष्ट दिसतो. काही मुलांना तर डोळ्यांना दिसेल असा झटका कधी येतच नाही. व्याधी दुर्मीळ खरी. परंतु ओळखली गेली तर औषधे आहेत, वाचोपचार आहेत, आणि तोवर खुणांच्या भाषेने मुलाशी संवाद राखता येतो.

गोमंतकात घरी कोंकणी, शाळेत मराठी वा इंग्रजी. येथे मूल गप्प झाले की भाषांच्या गोंधळावर खापर फोडून मोकळे होणे सोयीचे. पण गोंधळलेले मूल आईची हाक विसरत नाही. शाळांतील आरोग्य-तपासणीत वजन-उंचीच्या रकान्यांशेजारी आणखी एक प्रश्न असावा, अशी आमची शिक्षण खात्यास सूचना आहे: हे मूल पूर्वी बोलत होते काय? उत्तर ‘होय’ आले आणि आज ते बोलत नसेल, तर त्याला बहिऱ्यांच्या शाळेत धाडण्याआधी मज्जाविकारतज्ज्ञाकडे न्यावे आणि झोपेतील आलेख काढून घ्यावा.