पगच्या पाठीचा बाक

२००३ साली हच या भ्रमणध्वनी कंपनीच्या जाहिरातीत एका लहान मुलामागोमाग चालणारा पग जातीचा कुत्रा झळकला आणि पाहता पाहता ही जात घरोघरी पोहोचली. हैदराबादच्या सदनिकांतही हे चपट्या नाकाचे, गुबगुबीत प्राणी रुळले. त्यांच्या घोरण्याविषयी पुष्कळ बोलले जाते, कण्याविषयी क्वचितच. आपण बहुतेक माणसांचे डॉक्टर. तरीही ‘‘डॉक्टर, आमचा कुत्रा मागच्या पायांत लटपटतो, जरा पाहता का?’’ असे जिन्यात कुणीतरी विचारतेच. म्हणून हा लेखनप्रपंच.

कुमारवयीन मुलींमध्ये आढळणारी, कारण न उमगणारी पार्श्ववक्रता आपल्या परिचयाची आहे. चतुष्पाद श्वानांत ती सहसा दिसत नाही. त्यांच्यातील वक्रता बहुधा जन्मजात असते आणि तीही बाजूला झुकण्यापेक्षा वर कुबड येण्याची. श्वानाच्या छातीच्या भागात १३ मणके असतात. गर्भावस्थेत त्यांपैकी एखाद्याचा पोटाकडील भाग नीट घडला नाही, तर मणका पाचरीसारखा होतो आणि कणा तेथे दुमडतो. ह्यालाच अर्धमणका म्हणतात. माणसाची वक्रता मोजण्यासाठी जॉन कॉब यांनी १९४८ साली मांडलेला कोन येथेही उपयोगी पडतो. कुबडाचा कोन ३५ अंशांपलीकडे गेला की मज्जारज्जूची लक्षणे उद्भवण्याची शक्यता वाढते.

गंमत अशी, की फ्रेंच बुलडॉगच्या क्ष-किरण चित्रात असे मणके सर्रास सापडतात आणि कुत्रा मात्र ठणठणीत असतो. पगमध्ये ते त्या मानाने कमी आढळतात, पण आढळले तर त्रास देण्याचा संभव अधिक. तेव्हा केवळ चित्र पाहून निदान करू नये. मज्जारज्जूवर खरोखर दाब आहे काय, हे एमआरआयनेच कळते.

लक्षणे हळूहळू येतात आणि पुष्कळदा वेदनारहित असतात. घरची मंडळी ‘वजन वाढलंय’ म्हणून दुर्लक्ष करतात. मागच्या पायांची नखे फरशीवर घासून झिजतात, वळताना तोल जातो. पुढे नकळत मलमूत्र होऊ लागते आणि बिचाऱ्याला ‘खोडी’ म्हणून मार बसतो. ते मला फार लागते. एक सोपी परीक्षा कोणालाही करता येईल. कुत्र्याला उभे करून, पोटाखाली हाताचा आधार देऊन, मागचा पंजा हलकेच उलटा टेकवावा. निरोगी कुत्रा तो तत्काळ सरळ करतो. उशीर झाला, तर शेजाऱ्यास पशुवैद्यकाकडे धाडावे. आपल्या पिशवीतील वेदनाशामक गोळी देऊ नये, कारण माणसांची अशी काही औषधे श्वानांना विषासमान ठरतात.

सौम्य प्रकारात वजन उतरवणे, गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा आणि व्यायामोपचार एवढ्यावर निभावते. लक्षणे बळावत गेल्यास कणा स्थिर करणारी शस्त्रक्रिया करता येते, परंतु ती अवघड आणि खर्चिक आहे. कुबड असलेल्या जनावराची पैदास मात्र करू नये. पिल्लू घेण्यापूर्वी आईबापांच्या कण्याचे क्ष-किरण चित्र मागावे. विक्रेता आश्चर्याने पाहील, पाहू द्यावे.