मुलाचा ताबा आणि शंभराचा स्टँप

कायद्याच्या भाषेत मुलाचाही ‘ताबा’च असतो, जमिनीचा असतो तसा. शब्द कोर्टाचा असला तरी आपल्या वस्त्यांना तो परका नाही. मारहाणीला कंटाळून बाई लेकरांसह माहेरी येते. दोन्हीकडचे चार शहाणे बसतात, शंभराच्या स्टँपवर फारकत लिहिली जाते आणि शेवटच्या ओळीत, मूल बापाकडे राहील, बाईचा हक्क राहणार नाही, असे घातले जाते. बाईचा अंगठा होतो. पुढे हाच कागद दाखवून तिला गप्प बसवले जाते.

या कागदाने न्यायालय बांधले जात नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने मुलाचे हित सर्वांत वर ठेवले आहे, आणि ते स्टँपवर लिहून देता येत नाही. (हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. आपल्याला ‘हिंदू’ कायद्यात का बसवले, हा वाद जरूर घालावा. पण तोवर त्यातला आईचा हक्क सोडू नये.) पाच वर्षांखालचे मूल सामान्यतः आईकडे, असे सहावे कलम सांगते. गोव्यातून गेलेल्या एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली स्पष्ट केले की, आईकडे मुलाचे हित नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी बापाची आहे.

“तू पोसणार कशी?” हा प्रश्न मात्र कोर्टाच्या आधी घरातच विचारला जातो. खुरपणीच्या मजुरीवर, ऊसतोडीच्या उचलीवर जगणाऱ्या बाईला तो पुरेसा घाबरवतो. बापाची कमाई जास्त असेल तर त्यातून पोटगी निघते, मुलावर मालकी निघत नाही.

कौटुंबिक न्यायालयांचा कायदा १९८४ चा. त्याच वर्षी मलिका अमर शेख यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ आले आणि चळवळीच्या घरातला हिंसाचार छापील अक्षरांत उघडा पडला. आपण तेव्हा पुस्तकाच्या भाषेवरच जास्त बोललो. या कायद्याने दहा लाखांवरच्या शहरांत न्यायालय सक्तीचे केले. करमाळ्यासारख्या तालुक्याच्या वाट्याला ते आले नाही. ‘फॅमिली कोर्ट सोलापूरला’ असे ऐकून, एक दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे मोजून, बाई घरी परतते.

तिला कुणी सांगत नाही ते असे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढे चालतो, आणि असे कोर्ट करमाळ्यातच आहे. सासर कुठेही असो. सत्ताविसाव्या कलमाप्रमाणे बाई सध्या जिथे राहते तिथे अर्ज करता येतो. एकविसाव्या कलमाखाली, अर्ज चालू असतानाच, मुलाचा तात्पुरता ताबा मागता येतो. बापाच्या भेटीने मुलाला धोका असेल तर भेट नाकारण्याचा अधिकारही तिथेच आहे. नवरा-बायकोचे भांडण वेगळे, बाप म्हणून तो चांगला आहे, असा युक्तिवाद हमखास होतो. पण आईला मारताना मूल कुठे होते? दाराआडच होते ना? हा प्रश्न अर्जात लिहिला पाहिजे, तारखांसह. दवाखान्याचा कागद जोडावा, मुलाचे नाव शाळेत कुणी घातले तेही लिहावे.

आणखी एक गाठ खास आपली आहे. मूल आईकडे आले तरी त्याची जात बापाच्या पेटीत राहते. जातपडताळणी वडिलांकडच्या रक्तनात्यावर चालते. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. आजोबांचा शाळेचा दाखला सासऱ्याच्या घरात, आणि तो न देणे हे मारहाणीइतकेच जुने हत्यार. शिष्यवृत्ती अडते, वसतिगृह अडते, आणि दहावीनंतर पोरगा निमूट बापाकडे जातो. एकोणिसाव्या कलमात बाई व मुलासाठी इतर आवश्यक निर्देश देण्याची मुभा आहे. जन्माचा दाखला, जातीचे कागद द्यावेत अशी मागणी पहिल्याच अर्जात करावी. मूल पंधरा वर्षांचे होईपर्यंत थांबू नये.

वकिलाच्या फीची धास्ती असेल तर १९८७ च्या विधी सेवा कायद्याचे बारावे कलम पाहावे. स्त्रीला, मुलाला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट न लावता. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे, कोर्टाच्याच आवारात, साध्या कागदावर करायचा असतो.