तेरा मिनिटांचं कुलूप

चार अंकी पासकोड 0000 पासून 9999 पर्यंत मोजले तर बरोबर 10,000 भरतात. आयफोनला आतल्या आत एक पासकोड पडताळायला साधारण 80 मिलिसेकंद लागतात. म्हणजे सगळे 10,000 पासकोड 800 सेकंदांत, 13 मिनिटं 20 सेकंदांत, संपतात.

तरीही असाच एक फोन अमेरिकेच्या एफबीआयला काही महिने उघडता आला नाही. 2 डिसेंबर 2015 रोजी कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोमध्ये झालेल्या हल्ल्यात 14 जणांचा बळी गेला. हल्लेखोर मारले गेले आणि त्यांतल्या एकाच्या आयफोन 5सीचा पासकोड त्याच्याबरोबरच गेला. 16 फेब्रुवारी 2016 ला न्यायालयाने ॲपलला मदतीचा आदेश दिला, ॲपलने तो मानायला नकार दिला. अखेर 28 मार्चला एफबीआयने कळवलं, की फोन दुसऱ्या मार्गाने उघडला आहे.

तेरा मिनिटांचं काम अडलं, कारण फोन चुका मोजतो. पहिल्या काही चुका तो खपवून घेतो, मग थांबायला लावतो: 1 मिनिट, 5 मिनिटं, 15 मिनिटं, एक तास. मालकाने तशी सोय सुरू ठेवली असेल, तर दहाव्या चुकीला सगळा मजकूर जातो. सहा अंकी पासकोड 10 लाख आहेत. त्यांतले दहाच वापरून पाहायची मुभा असेल, तर नुसत्या अंदाजाने यश मिळण्याची शक्यता लाखात एक.

अँड्रॉइडवर नऊ ठिपक्यांच्या पॅटर्नच्या नियमात बसणाऱ्या आकृती 3,89,112 होतात. अँड्रॉइडच्या मूळ आज्ञावलीत 'गेटकीपर' नावाचा पहारेकरी आहे. त्याच्या नियमानुसार 140 चुकांनंतर प्रत्येक प्रयत्नासाठी एक दिवस थांबावं लागायचं. या गतीने सगळ्या आकृती काढून पाहायला सुमारे 1,065 वर्षं लागतात. भास्कराचार्यांच्या जन्माच्या दीडशे वर्षं आधी कुणी सुरुवात केली असती, तर त्याचं काम आत्ता कुठे संपत आलं असतं.

मग पासकोडाच्या वाटेला न जाता थेट मेमरीच वाचली तर? तिथे सगळा मजकूर 256 बिटांच्या किल्लीने कूटबद्ध केलेला असतो. अशा संभाव्य किल्ल्यांची संख्या 78 अंकी आहे. आपल्या जुन्या गणनेतला परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. चार परार्ध एकमेकांशी गुणले तरी संख्या 69 अंकांवरच थांबते. जगातल्या 800 कोटी माणसांना प्रत्येकी एक यंत्र दिलं आणि ते सेकंदाला 1 लाख कोटी किल्ल्या तपासत राहिलं, तरी लागणाऱ्या वर्षांचा आकडा 48 अंकी येतो. विश्वाचं वय 1,380 कोटी वर्षं, म्हणजे फक्त 11 अंकी आहे.

फोन दहाव्या चुकीला मजकूर पुसतो तोही याच बळावर. हजारो फोटो एकेक करून पुसत बसण्याची त्याला गरज नसते. तो किल्ली नष्ट करतो, आणि मागे उरलेल्या खुणांतून फोटो पुन्हा उभे करणं अशक्य होतं.

हा पहारा चोर आणि विसराळू मालक यांत फरक करत नाही. पण मालकाजवळ चोराकडे नसलेली एक गोष्ट असते: अर्धवट आठवण. चार वेगवेगळे अंक आठवतात, क्रम तेवढा आठवत नाही, तर 10,000 शक्यतांच्या 24 होतात. भास्कराचार्यांच्या 1150 सालच्या 'लीलावती'त, अंकपाशाच्या प्रकरणात, विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म किती प्रकारे धरता येतील याचं उत्तरही हेच आहे. सहा वेगवेगळ्या अंकांचे क्रम 720 होतात. पासकोड म्हणजे कुणाची तरी जन्मतारीख आणि महिना होता एवढंच आठवलं, तर शक्यता 366. म्हणून पासकोड विसरला, की बोटं आवरा. आधी कागद घ्या, आठवेल ते लिहा, शक्यता गाळत जा, मगच एकेक करून पाहा. पासकोड नुकताच बदलला असेल तर आयफोनवर आयओएस 17 पासून 72 तासांची सवलत आहे. तेवढ्या वेळात जुना पासकोड देऊन नवा ठरवता येतो.

हेही जमलं नाही, तर फोन पूर्ण पुसून नव्याने सुरू करायचा. फोनशी जोडलेल्या खात्याचा पासवर्ड आठवत असला, तर यंत्र पुन्हा तुमच्या हाती येतं. त्यातली माणसं, आवाज, पत्रं मात्र बॅकअप असेल तरच येतात. शेवटचा बॅकअप कधी झाला ती तारीख सेटिंगमध्ये दिसते. आजच पाहून घ्या. उद्या पासकोड विसरलात, तर त्या तारखेपर्यंतचेच फोटो परत मिळणार आहेत.