पहिली एअर रायफल घेताना ताकद विचारू नका, अंतर विचारा

जत्रेत फुगे फोडायला तुम्ही कधीतरी एअरगन हातात घेतली असेलच. नेम चुकला की दोष बंदुकीचा, असं आपण तिथेच शिकतो. इंग्लंडमध्ये येईपर्यंत माझाही अनुभव तेवढाच होता. मग ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या कोवळ्या गव्हावर सशांनी ताव मारायला सुरुवात केली आणि त्याने परवानगी दिली, तेव्हा मी दुकानात गेले आणि विचारलं, "सगळ्यात ताकदवान कोणती?" भौतिकशास्त्रात पीएचडी केलेल्या बाईने विचारावा असा हा प्रश्न नव्हे.

कारण इथे ताकद कायद्यानेच ठरवलेली आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये विनापरवाना रायफलीच्या छऱ्याची ऊर्जा १२ फूट-पाउंड, म्हणजे साधारण १६.३ ज्यूल, यापेक्षा जास्त असता कामा नये. बहुतेक चांगल्या रायफली या मर्यादेच्या जरा खालीच बांधलेल्या असतात. तेव्हा खरी निवड उरते ती एवढीच: ही ठरलेली ऊर्जा हलक्या, वेगवान छऱ्याला द्यायची की जड, संथ छऱ्याला?

४.५ मिमीचा छर्रा (दुकानात त्याला 'वन-सेव्हन-सेव्हन' म्हणतात) अर्ध्या ग्रॅमच्या आसपास असतो आणि सेकंदाला सुमारे २४० मीटर वेगाने निघतो. ५.५ मिमीचा ('टू-टू') साधारण एक ग्रॅमचा, त्याचा वेग १७५ मीटरच्या जवळपास. शिकारीला टू-टूच हवी, ती जोरात बसते, असं तुम्हाला दहाजण सांगतील. मलाही सांगितलं होतं आणि मी तीच घेतली. चूक नाही त्यात. जड छर्रा जास्त ऊर्जा टिकवून लक्ष्यापर्यंत पोचतो हे खरंच आहे.

पण आता हा हिशेब बघा. दुर्बीण नळीच्या ४ सेंटिमीटर वर बसवली आहे आणि ३० मीटरवर नेम अचूक लावला आहे असं धरा. ससा प्रत्यक्षात ३५ मीटरवर बसलाय आणि तुम्हाला ३० वाटला. हवेचा अडथळा सोडून दिला तरी ४.५ मिमीचा छर्रा नेमाच्या ८ मिलिमीटर खाली लागेल, ५.५ मिमीचा २१ मिलिमीटर खाली. अडथळा धरला तर दोन्ही आकडे वाढतात. सशाला जागच्या जागी मारायचं तर डोळा आणि कान यांच्यामधला भाग गाठावा लागतो, आणि तो जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर रुंद. म्हणजे मध्यापासून सव्वा-दीड सेंटिमीटरची सूट. एक छर्रा आत राहतो, दुसरा बाहेर जातो.

बाहेर जातो म्हणजे काय होतं ते मी पाहिलंय. दुसऱ्याच संध्याकाळी मी कुंपणाजवळच्या एका सशावर चाप ओढला. तो उडाला, लंगडत बिळात गेला आणि परत दिसला नाही. मी पावलं मोजली तर छत्तीस मीटर भरले. मी तीस समजले होते. त्या रात्री मी वरचा हिशेब कागदावर मांडला, जो दुकानात जाण्याआधी मांडायला हवा होता.

माझी रायफल स्प्रिंगची होती, हाही एक मुद्दा. हिच्यात चाप ओढला की पिस्टन पुढे धावतो, हवा दाबली जाऊन काही शे अंश तापते आणि छऱ्याला ढकलते. (म्हणून आत मनाला येईल ते तेल सोडू नका. डिझेल इंजिनासारखं ते पेटतं.) छर्रा नळीतून निघायच्या आतच बंदूक आधी मागे आणि मग पुढे हलते. घट्ट आवळून धरली तर नेम बिघडतो. पुढचा भाग तळहातावर नुसता टेकवायचा आणि दर वेळी अगदी तसाच. हे अंगवळणी पडायला मला चार महिने लागले. आधीच भरून ठेवलेल्या हवेची रायफल, म्हणजे पीसीपी, हलत नाही म्हटलं तरी चालेल. तिच्या टाकीत २०० बारच्या आसपास दाब असतो (गाडीच्या चाकात दोन-अडीच), तो हातपंपाने किंवा पाणबुड्यांच्या सिलिंडरने भरावा लागतो, आणि खर्च बराच वाढतो. कार्बन डायऑक्साइडची पहिली रायफल इथल्या थंडीत घेऊ नका. २० अंशांना तिच्यातला दाब ५७ बार असतो, शून्याला ३५, म्हणजे नेम हवामानावर.

फक्त निशाणेबाजी करायची असेल तर प्रश्न सोपा आहे. अभिनव बिंद्राने २००८ मध्ये बीजिंगला सुवर्ण जिंकलं त्या १० मीटर प्रकारात ४.५ मिमीच चालते. दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, ताकदीला तिथे किंमतच नाही. आधी क्लबची रायफल वापरा. दस्ता तुमच्या गालाला बसतो का आणि वजन अर्धा तास पेलतं का, हे कुठल्याही जाहिरातीतून कळत नाही.

दोन्ही करायचं असेल तर माझं मत ४.५ मिमी, आणि खिशाला झेपत असेल तर पीसीपी. स्प्रिंगची घेतलीत तरी हरकत नाही, फक्त सरावाला वेळ द्या. वेगवेगळ्या छऱ्यांचे चार-पाच डबे आणून कागदावर मारून बघा, एकाच मॉडेलच्या दोन नळ्यांनाही वेगवेगळे छर्रे मानवतात. मग कागदावर अडीच सेंटिमीटरची वर्तुळं काढून २० मीटरपासून पुढे सरका, बसून, गुडघ्यावर, शेतात जसे असाल तसे. दहापैकी दहा आत पडायचे थांबले की तुमचं शिकारीचं अंतर त्याच्या अलीकडे संपलं. माझं अजून २५ मीटर आहे.

कायद्याचं थोडक्यात: वय १८ पूर्ण हवं, विक्रेत्याकडून घेताना ताबा समोरासमोर मिळतो, जमीनमालकाची परवानगी लागते आणि छर्रा त्याच्या हद्दीबाहेर जाऊ द्यायचा नाही. घरात मुलं असतील तर कुलपात ठेवा. स्कॉटलंडमध्ये ३१ डिसेंबर २०१६ पासून स्वतंत्र प्रमाणपत्र लागतं आणि उत्तर आयर्लंडचे नियम त्याहून कडक आहेत, तेव्हा घर बदलताना रायफल ट्रकमध्ये टाकण्याआधी चौकशी करा.